कुलूप ओढून बघणाऱ्या खानविलकर काकू

तुमच्या अमेरिकेतल्या मुलाच्या, भावाच्या, जवळच्या मैत्रिणीच्या घरात पिस्तूल आहे का?

चटकन ‘नाही’ म्हणाला असाल तर थांबा. तुम्ही विचारलंय? की तो आपल्यातला आहे, इंजिनियर आहे, दीड दिवसाचा गणपती बसवतो, म्हणून धरून चालला आहात? मीही धरून चालले होते. अमेरिकेतल्या बंदुकांविरुद्ध पानंच्या पानं लिहूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता. तो विचारला आमच्या वरच्या मजल्यावरच्या खानविलकर काकूंनी.

काकू शारजातल्या एका भारतीय शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. शाळेत त्या माझ्या मॅडम, अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये काकू. मूळच्या संगमेश्वरजवळच्या. उंची बेताची, अंगावर कायम सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. ऑगस्टमध्ये रस्त्यावरचं डांबर मऊ पडतं तेव्हाही त्या तशाच ताठ चालत भाजी आणायला जायच्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. फ्लॅटची किल्ली, प्रयोगशाळेची किल्ली, आम्लांच्या कपाटाची किल्ली, आणि दोन-तीन अशा की ज्यांची कुलपं आता कुठे आहेत ते त्यांनाही आठवत नव्हतं. टाकून का देत नाही विचारलं तर म्हणायच्या, “किल्ली टाकली आणि कुलूप सापडलं तर?”

त्यांची सवय सगळ्या बिल्डिंगला माहीत होती. कुलूप लावलं की ते दोनदा ओढायचं. एकदा कुलपासाठी, एकदा स्वतःसाठी, असं त्या सांगत. काका हयात होते तेव्हा लिफ्टशी उभे राहून हाक मारायचे, “अगो, लागलं ते. आता काय दार उपटून सोबत घेतेस?” काकू तिसऱ्यांदा ओढायच्या, फक्त त्यांना डिवचायला.

त्यांचा कशावरच चटकन विश्वास नसे. दुधाच्या बाटलीवरची तारीख वाचून झाली की झाकण उघडून वास घ्यायच्या. टॅक्सीत बसल्या की आधी चालकाचा पुढे लावलेला फोटो बघायच्या, मग आरशातला त्याचा चेहरा. वर्तमानपत्रात ‘तज्ज्ञांच्या मते’ असं दिसलं की पेन्सिलीनं खाली रेघ मारून समासात लिहायच्या, ‘कोण?’

अकरावीत त्यांनी आमची एक परीक्षा घेतली. टेबलावर पाच बाटल्या मांडल्या आणि म्हणाल्या, यातली पाण्याची उचला. एका बाटलीवर ‘पाणी’ असं लेबल होतं. सगळ्या वर्गानं तीच दाखवली. काकूंनी तीत लिटमसची निळी पट्टी बुडवली. पट्टी लाल झाली.

“हे लेबल मी काल चिकटवलं,” त्या म्हणाल्या. “घाबरू नका, व्हिनेगर आहे. पण तुमच्यातल्या एकानंही विचारलं नाही, की मॅडम, तपासून बघू का? लेबल वाचू नका. बाटली बघा.”

हे वाक्य त्या पुढे कुठेही वापरायच्या. निवडणुकीच्या जाहीरनाम्यावर, इथल्या मराठी मंडळाच्या हिशेबावर, मुलींच्या लग्नाच्या स्थळांवर. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. माझे आजोबा इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांची पत्रकं छापायचे, सुट्टीत गेले की मी त्यांच्यासोबत शाईत हात काळे करायची. दुष्ट कोण आणि बरोबर कोण हे पहिल्या दोन ओळींत कळलं पाहिजे, अशी मला सवय. काकू मला ‘पत्रकबाई’ म्हणायच्या. त्यात थोडं कौतुक होतं, पण टोमणा जास्त.

एकदा आम्ही मॉलच्या फूड कोर्टमध्ये गेलो. काकू हात धुवायला गेल्या, तेव्हा इथं सगळे करतात तसं मी टेबल अडवायला माझा फोन टेबलावर ठेवला आणि डोसा आणायला गेले. परत आले तर फोन गायब. काकू शांतपणे बसलेल्या.

“काकू, फोन?”

“चोरीला गेला.”

“इथं कुणी चोरत नाही हो.”

“असं तुला वाटतं.” त्यांनी पर्समधून माझा फोन काढला. “इथं चोरत नाहीत कारण पकडला तर थेट मायदेशी पाठवतात, आणि त्या खांबावर कॅमेरा आहे. म्हणून तू निर्धास्त. तू काही केलं नाहीस यासाठी. उद्या केतकीकडे युरोपात गेलीस आणि फोन असा ठेवलास तर डोसा येईपर्यंत तो दुसऱ्या गावाला गेलेला असेल.”

केतकी म्हणजे काकूंची मुलगी, नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहणारी. मोठा मुलगा हेमंत टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळ. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांची हीच रचना: आईवडील शारजात, एक मूल इकडे, एक तिकडे, आणि सगळे मिळून एका फोनच्या पडद्यात. काका गेल्यावर आणि शाळेनं निवृत्त केल्यावर काकूंचा इथला व्हिसा संपत आला होता. केतकीच्या देशात आईला कायमचं बोलावणं कठीण. हेमंत अमेरिकेचा नागरिक, त्यानं ग्रीन कार्डचं सगळं करून ठेवलं होतं. म्हणजे काकू टेक्सासला जाणार हे ठरल्यासारखंच होतं. सहा वर्षांचा नातू अर्णव रोज विचारायचा, “आजी, व्हेन आर यू कमिंग?” काकू मराठीत उत्तर द्यायच्या, तो इंग्रजीत पुढचा प्रश्न. दोघांचं मस्त चाललं होतं.

त्या वर्षी मी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिला. अमेरिका आणि युरोप. एकीकडे बंदुकांनी भरलेली घरं आणि शाळांत होणारे गोळीबार, दुसरीकडे शांत, सुसंस्कृत समाज. शेवट असा जळजळीत केला होता की वाचून आजोबांनी पाठ थोपटली असती. छापायला देण्याआधी काकूंना दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत दिला तेव्हा समासात पेन्सिलीनं जागोजाग ‘कोण?’ आणि ‘कुठे?’

“युरोप म्हणजे एक गाव आहे का गं?” त्यांनी सुरुवात केली. “स्वित्झर्लंडात, फिनलंडात घरोघरी बंदुका आहेत. ते तू खाल्लंस.”

“पण तिथं खून कमी होतात.”

“मग तेच लिही ना. का कमी होतात ते लिही. आणि हे काय, ‘सुसंस्कृत’? मागच्या खेपेला ट्राममध्ये माझी पर्स मारली ती सुसंस्कृतांनीच. केतकीची सायकल दर वर्षी जाते. लंडनमध्ये पोरं सुरे घेऊन फिरतात. चोर, दारुडे, भांडकुदळ नवरे तिकडेही आहेत, इकडेही आहेत. माणसं तीच आहेत, पत्रकबाई. बाटली बघ.”

मी चिडून म्हटलं, “मग फरक काय?”

“पर्स गेली आणि मी घरी आले. हा फरक. ट्राममधल्या त्या माणसाच्या खिशात पिस्तूल असतं, आणि त्याला वाटलं असतं की माझ्या पर्समध्येही असेल, तर? अमेरिकेत चोरही घाबरलेला आणि घरमालकही घाबरलेला, आणि दोघांच्या हातात बंदूक. भांडण तेवढंच, पण संपतं कुठं ते बघ. आणि तू सगळं शाळेतल्या गोळीबारावर लिहिलंयस. ते बातमीत येतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बंदुकीनं स्वतःला संपवणारे त्याहून कितीतरी जास्त. ते तुझ्या लेखात कुठे आहेत?”

त्यांनी केतकीच्या ऑफिसातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. तो हौशी नेमबाज. क्लबचा सभासद झाल्याशिवाय, पोलिसांनी मागचं सगळं तपासल्याशिवाय त्याला बंदूक मिळाली नाही. मिळाल्यावरही पोलीस घरी आले आणि ज्या कपाटात ती ठेवली होती ते कपाट बघून गेले.

“म्हणजे पोलीस घरी येऊन कुलूप ओढून बघतात?” काकूंनी केतकीला विचारलं होतं. केतकी हो म्हणाली तेव्हा काकूंनी ठरवलं की पर्स गेली तरी तो देश चांगला आहे.

लेख घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिला आणि मग तो प्रश्न विचारला.

“हे सगळं अमेरिकन लोकांविषयी आहे ना?”

“हो.”

“हेमंतही अमेरिकन आहे. त्याच्याकडे आहे का?”

मी हसले. हेमंतदादा? तो मुंगी मारताना आधी तिला फुंकर मारून बघायचा. काकू हसल्या नाहीत. “मीही कधी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि तिथंच, माझ्या समोर, फोन लावला.

तिकडे सकाळ होती. हेमंतदादा गाडीत होता.

“हेमंत, तुझ्याकडे बंदूक आहे का रे?”

फोनवर गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत राहिली.

“पिस्तूल आहे, आई. दोन वर्षं झाली.”

“मी गेल्या वर्षी तुमच्याकडे उन्हाळाभर राहून गेले.”

“हो.”

“तेव्हा होती?”

“हो गं.”

“कुठं होती?”

“बेडरूमच्या कपाटात. वरच्या फळीवर. शाली ठेवतो ना तिथं.”

“माझी शाल असायची तिथं?”

काकू तिथं रोज संध्याकाळी हात घालायच्या. एसीचा गारवा त्यांना सोसायचा नाही.

मग तो बोलू लागला आणि मला मान्य करावं लागेल की तो मूर्खासारखं बोलत नव्हता. त्यांच्या भागात दिवाळीच्या सुमाराला दोन भारतीय घरं फोडली होती. चोरांना ठाऊक असतं की भारतीय घरात सोनं असतं. एका घरात तर बाई घरात असताना शिरले. पोलीस यायला वेळ लागतो, घरं लांब लांब असतात, तो कामासाठी महिन्यातले कितीतरी दिवस बाहेर असतो, पूर्वा आणि अर्णव एकटे असतात. “तू शारजात राहतेस, आई. तुला दाराबाहेर चपला काढून ठेवता येतात. तुला नाही कळणार.”

“सोनं कुठलं? मी दुबईतल्या देराच्या बाजारातून घेऊन दिलेलं?”

“तेच. पाटल्या, तोडे, सगळं.”

“मग सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेव. सोनं घरात ठेवून त्याच्या राखणीला पिस्तूल कशाला आणलंस?”

“फक्त सोन्याचा प्रश्न नाही.”

“तिला कुलूप आहे?”

“वर आहे गं. अर्णवचा हात पोचत नाही.”

“घरात खुर्ची आहे ना?”

“आई, प्लीज. चोर आला तर मी काय करू, सांग.”

“चोर रोज येत नाही, हेमंत. अर्णव रोज घरात असतो.”

त्यानं पिस्तूल ठेवायला कुलपाची पेटी घेतो असं कबूल केलं. फोन ठेवल्यावर काकू बराच वेळ कमरेच्या किल्ल्या चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, “घेतो म्हणाला. घेतली म्हणाला नाही.”

खानविलकरांकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. घरात ज्यानं काम होतं ते सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू, फूल वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उचलायचं. मधल्या वेळात कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. हत्यारं विश्रांती घेतात, असं काकू सांगायच्या. नियम कडक. विळीही पाटावर असल्यामुळे त्या दिवसाची भाजी आदल्या दिवशीच चिरलेली असायची. काका एकदा गाडीची किल्ली पाटावरून उचलून निघाले होते तर काकूंनी त्यांना मेट्रोनं पाठवलं. काकांनी मेट्रोतून फोन करून विचारलं होतं, “मेट्रोची पूजा कुणी केलीये का, उतरू का?”

त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी होती. सकाळी काकूंनी मलाही बोलावलं. पाटावर विळी, कात्री, गाडीची किल्ली, लॅपटॉप, शाळेतून निवृत्त होताना मिळालेलं एक ब्युरेट, म्हणजे मापाची काचेची नळी, आणि माझं पेन. “तुझं हत्यार हेच ना,” म्हणाल्या. संध्याकाळी टेक्साससोबत व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ, तिकडची पूजा नुकतीच झालेली. हेमंतदादानं फोन पाटाकडे वळवला.

लाल कापड. लॅपटॉप, पूर्वाची सुरी, स्क्रूड्रायव्हर, अर्णवची छोटी बॅट. आणि मधोमध काळं पिस्तूल. त्यावर हळदकुंकवाची दोन बोटं आणि एक झेंडूचं फूल.

“काय आई,” हेमंतदादा खुशीत होता. “तुझ्या पाटावर विळी. आमच्याकडे खरं शस्त्र. आजोबांनंतर पहिल्यांदा खानविलकरांच्या पाटावर शस्त्र आलं.”

हेमंतदादाचे आजोबा कोकणात होते, त्यांच्याकडे ठासणीची जुनी बंदूक होती, हे खरं होतं. काकूंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“पेटी घेतलीस?”

“ऑर्डर केलीये. येईल.”

“आणि आज दिवसभर हे इथंच?”

“अगं, उद्यापर्यंत हलवायचं नाही ना. तूच शिकवलंस.”

अर्णव पडद्यात शिरला. “आजी, वी कान्ट टच इट टिल टुमॉरो. बाबा सेज इट्स स्लीपिंग.”

“आज घरी कोण येणार आहे, अर्णव?” काकूंनी मराठीत विचारलं.

“इथन अँड माया. वी आर हॅविंग अ प्लेडेट.” म्हणजे दोन मुलं घरी खेळायला येणार होती.

मी काकूंच्या बाजूला बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आवाज चढवला नाही. वर्गात बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, “हेमंत, अर्णवला आतल्या खोलीत पाठव.”

अर्णव गेला. काकूंनी दार लागल्याचा आवाज येईपर्यंत वाट बघितली.

“गोळ्या आहेत त्यात?”

“नाही गं. गोळ्यांचं मॅगझिन काढून ठेवलंय. रिकामं आहे.”

“दाखव.”

“आई, पूजा झालीये. हात कसा लावू?”

“उचल.”

“आई, तूच ना...”

“मीच सांगितलं होतं. मीच सांगते. उचल. त्याचं तोंड आधी भिंतीकडे कर. आतल्या खोलीच्या भिंतीकडे नाही. बाहेरच्या.”

हेमंतदादानं पिस्तूल उचललं. झेंडू खाली पडला. कुंकवाचा डाग त्याच्या अंगठ्याला लागला. “बघ,” म्हणत त्यानं वरचा भाग मागे ओढला.

एक गोळी बाहेर उडाली. पाटावर पडली, घरंगळत लॅपटॉपपर्यंत गेली आणि थांबली.

मॅगझिन खरंच काढलेलं होतं. नळीत एक उरली होती. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं तो दोन वर्षं समजत होता. पूर्वा पडद्याच्या कडेला उभी होती. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. आतून अर्णवचा आवाज येत होता, “कॅन आय कम आउट नाउ?”

काकू म्हणाल्या, “अजून नको, सोन्या. थोडा थांब.”

मग हेमंतदादाला म्हणाल्या, “‘रिकामं’ असं लेबल होतं.” बाकी काही नाही. त्यांनी त्याच्याकडून ते पिस्तूल गाडीत ठेववलं, गाडीचं दार ओढून बघायला लावलं, आणि मुलांचं खेळणं शेजाऱ्यांच्या घरी हलवायला लावलं. शेजाऱ्यांकडे बंदूक आहे का, हे आधी पूर्वाला फोन करून विचारायला लावलं. पूर्वाला लाज वाटत होती. “असं कसं विचारायचं, आई? लोक काय म्हणतील?” काकू म्हणाल्या, “शेंगदाण्याची अॅलर्जी आहे हे सांगताना लाजत नाहीस ना? तसंच.” पूर्वानं विचारलं. शेजाऱ्यांकडे दोन होत्या, तिजोरीत. शेजारीण अजिबात रागावली नाही. उलट म्हणाली, बरं झालं विचारलंत.

कॉल संपल्यावर काकूंनी आपल्या पाटावरची विळी उचलली. मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी फ्रिजमधून कांदा काढला आणि खाली बसून चिरायला घेतला. “पूजा तिकडे मोडली, ती इकडेही मोडली,” म्हणाल्या. कांदा नेहमीसारखाच बारीक होता.

त्या आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं: ज्या घरात पिस्तूल आहे त्या घरात मी राहायला येणार नाही. केतकीनं बाजू घेतली, हेमंतदादा गप्प झाला. फोन येईनासे झाले. अर्णवचा रोजचा प्रश्न बंद झाला आणि काकूंचा चेहरा उतरत गेला. मी माझी सगळी पत्रकी भाषा त्यांच्यापुढे ओतली. बंदूक विकणाऱ्यांचा धंदा भीतीवर चालतो, आधी भीती विकतात, मग तिच्यावरचा उपाय, आणि उपायानं भीती वाढते म्हणून दुसरा उपाय. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

“खरं आहे. पण हेमंतला हे सांगून काय होणार? त्याची भीती खरी आहे. ती मी इथं बसून काढू शकत नाही.”

मग एक दिवस हेमंतदादाचा फोन आला. पेटी आली होती. त्यानं पडद्यावर दाखवली: जाड पोलाद, वर आकड्यांची बटणं. ओढून दाखव, काकू म्हणाल्या. त्यानं ओढून दाखवली. दोनदा.

“नंबर काय ठेवलास?”

“तो फोनवर कसा सांगू, आई?”

“अर्णवची जन्मतारीख?”

हेमंतदादानं पेटी पडद्याबाहेर सरकवली.

“त्याला त्याची जन्मतारीख पाठ आहे रे,” काकू म्हणाल्या. “मीच शिकवली.”

त्यानं नंबर बदलतो असं सांगितलं. काकूंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, “चल, देराला जाऊ.”

देरातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी कुलपं मागवली. एकेक लावायच्या, दोनदा ओढायच्या, बाजूला सारायच्या. दुकानदार मल्याळी होता, हिंदीत वैतागला. “अम्मा, सब नया है. टेस्टिंग हो के आया है.”

“किसने किया टेस्टिंग?”

“फॅक्टरी ने.”

“फॅक्टरी मेरे को नहीं जानती,” काकू म्हणाल्या, आणि पुढचं कुलूप ओढलं. शेवटी एक पसंत पडलं. जाड, पितळी, दोन किल्ल्यांचं. ते त्या पेटीला लागणार नव्हतं, पेटी आकड्यांची. त्यांनी हेमंतदादाला एक साधी लोखंडी पेटी आणून ठेवायला सांगितली होती, ती आकड्यांची पेटी हिच्या आत. दोन्ही किल्ल्या त्यांच्या कमरेला. पिस्तूल घराबाहेर जाईपर्यंत.

“तो मान्य करेल?” मी विचारलं.

“बघू म्हणाला.”

“आणि तुम्ही म्हणाला होतात की पिस्तुलाच्या घरात जाणार नाही.”

मेट्रोच्या जिन्यावर त्या थांबल्या. दम लागला होता. “लांब राहून संशय घेता येतो, पत्रकबाई. खात्री करता येत नाही.”

त्यांना सोडायला मी दुबई विमानतळावर गेले. कॅनव्हासचे पांढरे बूट, सुती साडी, वर शाल. तीच शाल. कुलूप पर्समध्ये. तपासणीच्या रांगेत जाण्याआधी त्यांनी माझा तो लेख मागितला. मी नव्यानं लिहिला होता. ‘सुसंस्कृत’ काढून टाकलं होतं, स्वित्झर्लंड घातलं होतं, कुलूप बघायला येणारे पोलीस घातले होते. त्यांनी उभ्या उभ्या वाचला, पेन्सिल शोधली, सापडली नाही.

“शेवट बदल,” म्हणाल्या. “शेवटी तू अमेरिकेला सांगतेस काय करायचं. अमेरिका मराठी अंक वाचते का? जे वाचतात त्यांना सांग.”

मग त्या आपोआप उघडणाऱ्या काचेच्या फाटकातून आत गेल्या. फाटक मागे मिटलं. काकू दोन पावलं गेल्या, वळल्या, परत आल्या, आणि फाटकाची काच हातानं ओढली. एकदा. पुन्हा एकदा. आतला अधिकारी हसला आणि हातानं पुढे दाखवत म्हणाला, “खलास, मामा, यल्ला.” झालं आई, चला आता. काकूंनी त्याच्याकडे एकदा नीट निरखून बघितलं, त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, मग चेहरा बघितला. मग गेल्या.

आता तुमच्याकडे वळते. हा अंक बाजूला ठेवा आणि अमेरिकेत तुमचं जे कुणी असेल त्याला आज फोन करा. हवापाणी विचारून झालं की विचारा: घरात बंदूक आहे का? कुठं आहे? तो रागावेल, हसेल, तुला नाही कळणार म्हणेल. म्हणू द्या. आहे म्हणाला तर व्हिडिओ कॉल करायला सांगा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवायला सांगा, आणि कुलूप ओढून दाखवायला सांगा.

दोनदा.